साहेब, जरा कलम बघा ना!

शिट्टी वाजते, मामांचा हात आडवा होतो आणि आपल्या तोंडून आपोआप एकच वाक्य बाहेर पडतं : "साहेब, बघा ना जरा." काय बघायचं असतं ते साहेबांनाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही. पण मोटार वाहन कायद्यात खरोखरच बघण्यासारखं बरंच काही आहे. हा कायदा १९८८ चा, लागू झाला १ जुलै १९८९ पासून. २०१९ मध्ये संसदेनं त्याची डागडुजी केली, तेव्हा काही दंड पाचपट झाले, काही दहापट. महाराष्ट्रानं दोनेक वर्षं 'बघू, करू' करत डिसेंबर २०२१ मध्ये नवे दंड लागू केले. तेव्हापासून आपण सगळ्यांनी दंडाचा तक्ता तेवढा पाठ केला. बाकीची पानं कुणी उलटलीच नाहीत, आणि मजा सगळी तिथेच आहे.

पहिली पावती, एक शिलिंग

२८ जानेवारी १८९६. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातलं पॅडक वूड नावाचं गाव. वॉल्टर अर्नोल्ड हे गृहस्थ ताशी ८ मैलांच्या 'भन्नाट' वेगानं मोटार घेऊन गावातून गेले. मर्यादा होती ताशी २ मैल. हवालदारसाहेब घरी जेवत होते. ते ताटावरून उठले, सायकलवर टांग मारली आणि पाच मैल पाठलाग करून त्यांनी मोटार गाठली. वेगाचा दंड झाला एक शिलिंग. अर्नोल्ड मोटारी विकण्याच्याच धंद्यात होते, म्हणजे ही जाहिरात त्यांना तशी स्वस्तातच पडली.

आपल्याकडे मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा आणि आत्ताचा तिसरा. तीन कायदे बदलले, तरी 'पावती फाडणं' हा शब्द टिकला. कागदी पावतीपुस्तक जाऊन मामांच्या हातात यंत्र आलं आणि फाडायला काही उरलं नाही, पण लोक फाडतातच. शिवाय ऑफिसात एकाच्या चुकीचं खापर दुसऱ्यावर फुटलं, की 'माझ्या नावावर पावती फाडली' म्हणतात ते वेगळंच.

मोबाइल वाजला म्हणून गुन्हा शाबीत होत नाही

ई-चलानचा मेसेज आला की घराघरात दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक, "भरून टाक, कटकट नको." दुसरी, "राहू दे, कोण विचारतंय!" दोन्ही वाचण्याआधीच्या. वास्तविक तो मेसेज म्हणजे निव्वळ आरोप आहे. त्यात लिहिलेली रक्कम ही तडजोडीची रक्कम, कलम २०० खाली राज्य सरकारनं ठरवलेली. ती भरलीत की प्रकरण तिथेच मिटतं. भरायची नसेल, आरोप मान्य नसेल, तर कोर्टात जाऊन 'मला हे कबूल नाही' म्हणायचा हक्क आहे. मग गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची. फोटो पुराव्यात आणायचा तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही जोडावं लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या ६५ब कलमाखाली असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली असतं.

मला स्वतःला एकदा सकाळच्या चहाबरोबर असा मेसेज आला. हेल्मेट नाही म्हणून दंड, आणि ठिकाण असं शहर की जिथे मी चार वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. स्कूटर तर समोर दिसत होती, पार्किंगमध्ये, सीटवर सोसायटीतली मांजर बसलेली. पोर्टलवर जाऊन फोटो उघडला. फोटोत एक काळी मोटारसायकल, तिच्या नंबरप्लेटवर चिखलाचा शिंतोडा आणि त्या शिंतोड्यामुळे ३ चा झालेला ८. त्याच पोर्टलवर तक्रार नोंदवायची सोय असते. माझ्या स्कूटरचा फोटो आणि आरसी जोडून पाठवलं, तीन आठवड्यांनी पावती रद्द झाली. मेसेज न उघडता पैसे भरले असते तर त्या काळ्या मोटारसायकलवाल्याचा दंड मी हौसेनं भरला असता. (त्या भल्या माणसानं आता तरी प्लेट पुसली असेल, अशी आशा आहे.)

कॅमेऱ्यांनाही नियम आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम घातला गेला. कॅमेरा लावलाय हे सांगणारी पाटी ठळकपणे दिसायला हवी, यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, ते दर वर्षी नवं करून घ्यायला हवं आणि गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत धाडायला हवी, असं तो नियम म्हणतो. तेव्हा आठ महिन्यांपूर्वीच्या सिग्नलची आठवण करून देणारा मेसेज आला, तर तारखा जरूर ताडून बघाव्यात.

आणि हो, मेसेजमध्ये एखादी फाइल 'डाउनलोड करा' असा आग्रह असेल, तर ती पावती नाही, सापळा आहे. दंड भरायची जागा सरकारी संकेतस्थळ, शेवटी गव्ह डॉट इन असलेलं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलनं दंड भरला जात नाही, खातं रिकामं होतं.

"मी बघितलं, ऐंशीनं आला!"

वेगाच्या बाबतीत कायदा फार गोड आहे. कलम १८३ चं तिसरं पोटकलम सांगतं, की 'माझ्या मते हा फार जोरात चालला होता' एवढ्या एकाच साक्षीदाराच्या मतावर कुणालाही दोषी धरता येणार नाही; ते मत यंत्रानं केलेल्या मोजमापावर आधारलेलं असायला हवं. म्हणजे मामांची नजर कितीही घारीची असली, तरी कोर्टाला स्पीडगन लागते. हा नियम वाचल्यावर मला आमच्या आजीची आठवण झाली. गॅलरीत बसून, नुसत्या आवाजावरून ती गल्लीतल्या प्रत्येक मुलाचा वेग सांगायची आणि तिचा अंदाज कधी चुकत नसे. कोर्टात मात्र आजी टिकली नसती.

त्याच्याच शेजारी कलम २०९. अतिवेग किंवा धोकादायक ड्रायव्हिंगचा खटला भरायचा, तर त्याच जागी तसा इशारा दिलेला हवा, नाही तर १४ दिवसांत नोटीस धाडलेली हवी, नाही तर २८ दिवसांत समन्स बजावलेलं हवं. मालकाचा पत्ताच सापडत नव्हता असली कारणं कोर्ट ऐकून घेतं, पण नियम हा असा.

गाडी उचलली!

दुपारी साडेबारा. बाजारपेठेतला रस्ता. कोपऱ्यावर टेम्पो दिसला की दुकानदार आधी ओरडतो, "ओ, टोइंग आलं!" आणि अर्धी दुकानं रिकामी होतात. कुणाच्या हातात अर्धं मोजलेलं कापड, कुणाच्या तोंडात वडा. टेम्पोतून चार पोरं उडी मारतात. हँडल लॉक असलं तरी त्यांचं काही अडत नाही. एकानं पुढचं चाक धरायचं, दुसऱ्यानं मागची कॅरिअर, 'हं' म्हणायचं आणि गाडी वर. पाच सेकंद. गाडी होती त्या जागी तेलाचा एक काळा ठिपका उरतो आणि तिचा मालक त्या ठिपक्याकडे बघत उभा राहतो.

या सगळ्या खेळाला कलम १२७ चा आधार आहे. मनाई असलेल्या जागी लावलेली किंवा सार्वजनिक जागेत दहा तास बेवारस सोडलेली गाडी हलवता येते किंवा तिला जॅमर लावता येतो. पण हुकूम द्यायचा तो त्या हद्दीतल्या, गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्यानं. टेम्पोतल्या पोरांना स्वतःच्या मर्जीनं एक सायकलसुद्धा उचलता येत नाही. म्हणून टेम्पोत गणवेश दिसतोय का, हे बघणं हा उद्धटपणा नव्हे. टोइंगचा खर्च मात्र मालकाच्याच माथी, दंडाच्या वर. पी-१ आणि पी-२ च्या पाट्या वाचून आज तारीख सम की विषम हे आठवत उभ्या राहणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे. कायद्याला ती असल्याचं कुठे आढळलं नाही.

गाडीत माणूस बसलेला असताना ती ओढून नेणं हा वेगळाच मामला. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला एक बाई गाडीत बाळाला पाजत बसली होती, तशीच गाडी ओढली गेली. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो देशभर फिरला आणि संबंधित हवालदार निलंबित झाला. उलट टोकाचा किस्सा दिल्लीचा. १९८२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाच्या गाडीवरही नो-पार्किंगची कारवाई झाली. वाहतूक शाखेत तेव्हा किरण बेदी होत्या. लोकांनी त्यांचं नाव 'क्रेन बेदी' करून टाकलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

जप्त म्हणजे नेमकं काय?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ. टोइंग वेगळं, लायसन्स घेणं वेगळं, गाडी अडकवून ठेवणं वेगळं.

गाडी अडकवून ठेवण्याचं कलम २०७ वाचलं तर यादी लहान निघते. लायसन्स नाही, वय बसत नाही, गाडीची नोंदणीच नाही, धंद्याच्या गाडीला परमिट नाही किंवा परमिटच्या अटी मोडल्या, असल्या गोष्टी. हेल्मेट त्या यादीत नाही, सीटबेल्टही नाही. यातल्या काही प्रकारांत तर गाडीऐवजी आरसी ताब्यात घेऊन पोच द्यायचीही मुभा आहे. म्हणजे भाजी घेऊन घरी निघालेल्या माणसाला गाडीसकट घरी सोडायची वाट कायद्यानंच ठेवलीय. गाडी अडकलीच, तर कागदपत्रं घेऊन अधिकृत अधिकाऱ्याकडे सोडवण्याचा अर्ज करता येतो. किल्ली काढून खिशात घालण्याबद्दल मात्र हे कलम एक शब्द बोलत नाही. ती पद्धत चौकातच जन्मली.

लायसन्स घेतलं तर पोच द्यायलाच हवी, हे कलम २०६. या पोचेवर लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा तीवर लिहिलेल्या तारखेपर्यंत गाडी चालवता येते. पण २०१९ मध्ये याला एक शेपूट जोडलं गेलं. दारू, धोकादायक ड्रायव्हिंग, ट्रिपल सीट, हेल्मेट नसणं, रुग्णवाहिकेला वाट न देणं अशा गुन्ह्यांत लायसन्स निलंबनासाठी घेतलं असेल, तर ती पोच म्हणजे नुसती पोच. तीवर गाडी चालवता येत नाही. दोन्ही कागद दिसायला भाऊ-भाऊ, म्हणून कुठलं पोटकलम लिहिलंय ते वाचायचं.

कागद घरी राहिले? डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधले कागद २०१८ पासून चालतात. तेही नसतील तर नियम १३९ पंधरा दिवसांची मुदत देतो. चौकात हे सांगताना आवाज मवाळ ठेवावा, हा माझा स्वानुभव.

आणि आता पोलीस ठाण्यामागचं आवार. कुठल्याही तालुक्याला जा, ते सारखंच असतं. एकावर एक रचलेल्या मोटारसायकली, टायरमध्ये साचलेलं पावसाचं पाणी, रंग उडालेली एक लुना आणि तिच्या हेडलाइटच्या खोबणीतून वर आलेलं पिंपळाचं रोप. गुन्ह्यात मुद्देमाल म्हणून आलेल्या या गाड्या. सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात नेमकं याच दृश्यावर बोट ठेवलं. पंचनामा करा, फोटो काढा, मालकाकडून बंधपत्र आणि हमी घ्या आणि गाडी परत द्या. पंधरा दिवस ते महिना याहून जास्त काळ वस्तू ठाण्यात ठेवायचं कारण नाही. मालकानं अर्ज करायचा तो मॅजिस्ट्रेटकडे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५१ आणि ४५७ खाली करत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४९७ आणि ५०३ खाली. अर्ज केला नाही तर गाडी जागची हलत नाही, आणि पिंपळाला कुणाच्या अर्जाची गरज नसते.

कोर्ट, पोस्टानं

'कोर्टाची पायरी' म्हटलं की आपल्याकडे शहाण्यांनाही घाम फुटतो. पण वाहतुकीच्या गुन्ह्यांत पायरी न चढण्याची सोय कायद्यातच आहे. कलम २०८ नुसार, फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात कोर्टानं समन्सवरच लिहायचं, की तुम्ही स्वतः या किंवा वकील पाठवा, नाही तर ठरल्या तारखेआधी रजिस्टर्ड पत्रानं गुन्हा कबूल करून समन्सवर लिहिलेली रक्कम धाडून द्या. रक्कम पोचली की प्रकरण संपलं. जीएसटीच्या नोटिशीइतका रुक्ष मामला आहे, काळा कोट आणि 'मायलॉर्ड' हे सगळं आपल्या डोक्यातल्या सिनेमात.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे आभासी न्यायालय. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी नागपुरात 'न्याय कौशल' या ई-संसाधन केंद्राचं उद्घाटन केलं, आणि त्याच वेळी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला वाहतूक चलानांसाठीचं आभासी न्यायालय सुरू झालं. संत्र्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाला ही नवी ओळख मिळाली. न्यायाधीश पडद्यावर चलान बघतात, रक्कम ठरते, मेसेज जातो. कबूल नसेल तर तसं कळवायचं, मग प्रकरण नेहमीच्या कोर्टात.

लोकअदालतीतही थकलेल्या पावत्या मिटतात. तिथला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. सूट मिळते का? कधी मिळते, कधी नाही. तेलंगणानं मार्च २०२२ मध्ये दुचाकीवाल्यांकडून थकबाकीचा चौथा हिस्सा घेऊन बाकीचं सोडून दिलं, तेव्हापासून देशभरचे थकबाकीदार लग्नातल्या पंगतीची वाट बघावी तसे सवलतीची वाट बघत बसलेत. माझं मत विचाराल तर ही सवलत वेळेवर भरणाऱ्याच्या तोंडात मारल्यासारखी आहे.

आणखी एक, फार कमी बायकांना ठाऊक असलेली गोष्ट. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो, तिचं उत्पन्न कितीही असो. वाहतुकीच्या खटल्याला त्यातून वगळलेलं नाही. आणि फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याला सहा महिन्यांची काळमर्यादा आहे, हे कोर्टात जरूर मांडावं. उशीर माफ करायचा अधिकारही कोर्टाला असतोच, म्हणून या एका मुद्द्यावर पेढे वाटू नयेत.

लुंगी, चप्पल आणि बैलगाडी

सप्टेंबर २०१९ मध्ये नवे दंड आले आणि अफवांचा पाऊस पडला. चप्पल घालून गाडी चालवली तर दंड, लुंगी-बनियनवर दंड, अर्ध्या बाहीच्या शर्टावर दंड, जादा बल्ब जवळ नसेल तर दंड. शेवटी नितीन गडकरी यांच्या कार्यालयालाच जाहीर करावं लागलं, की असली कुठलीही तरतूद नव्या कायद्यात नाही. कोकणातल्या तमाम काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. स्वतः गडकरींनीही त्याच दिवसांत सांगून टाकलं होतं, की वांद्रे-वरळी सी-लिंकवर अतिवेगाबद्दल आपणही दंड भरलाय.

त्याच महिन्यात गुरुग्राममध्ये एका स्कूटरवाल्याला २३ हजारांचा दंड झाला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे स्कूटरच पंधरा हजारांची होती. लायसन्स नाही, आरसी नाही, विमा नाही, प्रत्येक गुन्ह्याचा आकडा वेगळा, आणि बेरीज करायला यंत्र थकत नाही. फिनलंडच्या ओलांड बेटांवर तर दंड मिळकतीच्या हिशेबात पडतो. २०२३ मध्ये अँडर्स विक्लॉफ हे धनाढ्य उद्योजक ताशी ५० च्या हद्दीत ८२ नं गेले आणि १ लाख २१ हजार युरो मोजून आले.

बैलगाडीला मात्र आपला मोटार वाहन कायदा शिवत नाही. मोटार वाहनाच्या व्याख्येत ती बसतच नाही, आणि पायडल मारायची सायकलही नाही.

थोडक्यात आणखी काही. अठरा पुरे न झालेल्या पोरानं गाडी चालवून गुन्हा केला, तर कलम १९९अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो, आणि पोराला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. रस्त्याचं काम ठरलेल्या दर्जाचं न करता कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर कलम १९८अ कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड सांगतं. खड्ड्यांकडे बघता हे कलम फारसं दमलेलं दिसत नाही. आणि माझं सगळ्यात आवडतं कलम २१०ब. हा कायदा राबवणाऱ्या यंत्रणेनंच तो मोडला, तर दंड दुप्पट.

विकलेली गाडी

गाडी विकली, पैसे मिळाले, किल्ली दिली, चहा झाला. कायद्याच्या लेखी मात्र आरसीवर नाव असेल तोच मालक. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं, की गाडी हातोहात चार जणांना विकली गेली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच.

माझ्या एका मित्रानं पाच वर्षांपूर्वी मोटारसायकल विकली, नाव काही बदललं नाही. घेणारा कोण होता, हेही आता त्याला नीट आठवत नाही. पण गाडीची खुशाली त्याला नियमित कळते. दर मे महिन्यात तिची पावती महाबळेश्वरहून येते, पोर्टलवर फोटो असतो, त्यावरून गाडीला नवे आरसे लागले, सीटकव्हर लाल झालं, हे सगळं त्याला ठाऊक. आधीच्या फोटोंत चालवणारा एकटा असायचा, मग मागे एक ओढणी दिसायला लागली. यंदाच्या पावतीत गुन्हा होता ट्रिपल सीट. मित्रानं फोटो मोठा करून बघितला. दोघांच्या मधे टोपडं घातलेलं एक डोकं. "संसार वाढला की रे," म्हणाला आणि आरटीओच्या साइटवर फॉर्म २९ शोधायला बसला.